वाफेची तुळई

सरकारी वसाहतींच्या आडरस्त्यांवर, एखाद्या निंबाच्या सावलीत, पायांनी चालवावयाचे शिलाईयंत्र मांडून बसलेला शिंपी दिल्लीकरांना नवा नाही. मुलाच्या गणवेशाचा उसवलेला खिसा घेऊन त्याच्यापुढे उभे राहावे आणि काम होईपर्यंत त्याच्या पावलांकडे पाहात राहावे, हा आमचा जुना छंद आहे. पावलांखालची लोखंडी जाळी पुढेमागे झुलते. त्यापलीकडे पावलांना काही ठाऊक नसते. जाळीच्या कडेला जोडलेली दांडी वरखाली होते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला असलेले चाक मात्र गरगर फिरू लागते. पण प्रत्येक वेळी काम सुरू करताना तो शिंपी आधी हाताच्या तळव्याने चाकाला हलकासा रेटा देतो. दांडी आणि चाकाचा आरा एका रेषेत येऊन थांबले असतील, तर पायाने कितीही जोर केला तरी चाक हलत नाही. त्या अडलेल्या जागेतून त्याला हाताने बाहेर काढावे लागते. एकदा फिरू लागले म्हणजे पुढे चाकाचा स्वतःचाच वेग त्याला त्या जागेतून पार नेतो.

आमच्या आयाआज्यांच्या जात्यातही हेच होते. जात्याचा खुंटा आणि दळणारीचा हात यांचे नाते चाक आणि दांडी यांचेच आहे. दोघीजणी समोरासमोर बसून दळत, तेव्हा एकीचा हात जेथे जोर लावू शकत नसे तेथे दुसरीचा लागत असे. जात्यावर बसणाऱ्या बायकांना यंत्रशास्त्राचा हा सिद्धांत कोणी शिकविला नव्हता आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. परंतु मागेपुढे किंवा वरखाली होणारी गती गोल फिरत्या गतीत कशी उतरवावयाची, या एकाच प्रश्नावर इंग्लंडातील बुद्धिमान माणसांनी अठराव्या शतकाची अखेरची वर्षे खर्ची घातली. त्या प्रश्नाचे उत्तर लोखंडात ओतलेले असे जहाजांतून आपल्या देशात आले, आणि आपल्या देशातील निदान दोन माणसांनी ते स्वतःच्या हातांनी घडवून पाहिले. त्यांतील एक मुंबईचा पारशी होता व दुसरा बंगालमधला लोहार. त्यांची आठवण आम्ही कशी ठेवली, किंवा ठेवली नाही, हे पाहण्यासाठी आधी त्या यंत्राची ओळख करून घेणे भाग आहे.

१७१२ साली इंग्लंडातील डडली गावाजवळ टॉमस न्यूकोमेन याने कोळशाच्या खाणीतील पाणी उपसण्यासाठी जे यंत्र उभारले, त्याचा देखावा कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला ओळखीचा वाटला असता. तिकडे विहिरीवर लाट असते: एका उंच खांबावर आडवी टाकलेली लांब लाकडी तुळई, तिच्या एका टोकाला पाण्याचे भांडे आणि दुसऱ्या टोकाला भार. न्यूकोमेनच्या यंत्रातही भिंतीवर तोललेली एक प्रचंड तुळई होती. एका टोकाला खाणीत उतरणाऱ्या पंपाच्या दांड्या आणि दुसऱ्या टोकाला माणसाऐवजी वाफेचे नळकांडे. नळकांड्यात वाफ भरावयाची, गार पाण्याच्या फवाऱ्याने तिचे पाणी करावयाचे, आणि आत झालेल्या पोकळीमुळे बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला गेला की तुळईचे ते टोक खाली येई व दुसऱ्या टोकाने पाणी वर चढे. दट्ट्या तुळईला साखळीने बांधलेला असे. तुळईचे टोक कमानीसारखे गोल घडविलेले असल्यामुळे साखळी त्या कमानीवर टेकून सदैव उभी ओळंब्यात राही. तुळईचे टोक गोलात फिरते आणि दट्ट्या सरळ रेषेत चालतो, या दोहोंचे भांडण साखळीने सहज मिटविले होते.

हे भांडण पुन्हा उकरून काढले जेम्स वॉटने. वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची त्याची युक्ती (१७६९) सर्वांना ठाऊक आहे; शाळेच्या पुस्तकांतील किटलीची गोष्टही ठाऊक आहे, आणि ती तितकीच निरुपयोगी आहे. त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन हा व्यापारी दृष्टीचा माणूस. खाणींतून पाणी उपसणारी यंत्रे किती विकली जाणार? पीठ दळणाऱ्या, लोखंड ठोकणाऱ्या, सूत काढणाऱ्या गिरण्यांना फिरते चाक हवे होते, आणि ते वाफेने फिरवून दे, असा त्याने वॉटमागे लकडा लावला. फिरते चाक म्हणजे तुळईच्या दुसऱ्या टोकाला शिंप्याच्या यंत्रासारखी दांडी आणि खुंटा. परंतु १७८० मध्ये जेम्स पिकार्ड नावाच्या गृहस्थाने वाफेच्या यंत्राला खुंटा लावण्याचा हक्क आपल्या नावे नोंदवून घेतला होता. जी गोष्ट जगातील प्रत्येक पायचाकावर आधीपासून होती, तिच्यावर मालकी सांगणारा माणूस निघावा आणि कायद्याने त्याला ती द्यावी, हे वाचून आम्हांला कचेरीतील कित्येक नियम आठवले. वॉटने वाद घातला नाही. तुळईच्या दांडीला एक दातेरी चाक पक्के बसवून ते दुसऱ्या दातेरी चाकाभोवती सूर्याभोवती ग्रह फिरावा तसे फिरविण्याची योजना त्याने १७८१ मध्ये नोंदविली.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला होती. चाक एकसारखे फिरावे म्हणून वॉटने वाफ दट्ट्याच्या वरूनही आणि खालूनही लावण्याचे ठरविले. १७८२ सालापासून त्याचा दट्ट्या खाली येताना तुळईला ओढू लागला आणि वर जाताना ढकलू लागला. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. साखळीच्या जागी ताठ दांडा आला, आणि आता तुळईचे टोक वर्तुळाच्या कंसात फिरणार व दांडा मात्र नळकांड्याच्या तोंडातून अगदी सरळ चालला पाहिजे. जरा वाकडा झाला की झाकणाची भोके झिजणार आणि वाफ सुटणार. वॉटने दातेरी पट्टी करून पाहिली. ती खडखडे आणि दात तुटत. १७८४ च्या उन्हाळ्यात त्याने बोल्टनला कळविले की आपल्याला एक नवी वाट दिसते आहे. त्याच वर्षी ती नोंदविली गेली.

वाचकांनी ती घरीच करून पाहावी. सारख्या लांबीच्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या घ्याव्या. एकीचे डावे टोक फळीवर टाचणीने खिळावे आणि दुसरीचे उजवे टोक तिच्या जरा खाली, पलीकडे खिळावे. दोन्ही आडव्या धरल्या असता त्यांची मोकळी टोके एकाखाली एक येतील इतके अंतर ठेवावे. ही मोकळी टोके एका लहान तिसऱ्या पट्टीने सांधावी व तिच्या मधोमध भोक पाडून पेन्सिलीचे टोक घालावे. आता सगळे वरखाली हलविले, तर डावीकडे खिळलेल्या पट्टीचे टोक चढता-उतरताना डावीकडे सरकते आणि उजवीकडे खिळलेल्या पट्टीचे टोक उजवीकडे. एकाची चूक डावी, दुसऱ्याची उजवी. मधला बिंदू दोघांच्या ओढाताणीत सापडून कोणाकडेच जात नाही. तो जवळजवळ सरळ चालतो. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की पट्ट्या फार लांबवर झुलविल्या तर पेन्सिल इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी लांबट आकृती काढते. मात्र तिच्या मधला भाग इतका सरळ असतो की वाफेच्या यंत्राचे काम विनातक्रार चालते.

यंत्रात डावी पट्टी म्हणजे खुद्द तुळईचा भाग आणि उजवी म्हणजे यंत्रघराच्या बांधणीला खिळलेला दांडा. हा दांडा तुळईइतका लांब ठेवला तर घर फार मोठे बांधावे लागते. म्हणून वॉटने तुळईच्या अर्ध्या अंतरावर ही जोडणी केली आणि दांड्यांचा एक समांतरभुज चौकोन लावून तिथली सरळ गती दुप्पट करून तुळईच्या टोकाशी आणली. टोकाशी दट्ट्याचा दांडा व मधल्या बिंदूला हवा काढणाऱ्या पंपाचा दांडा, दोन्ही एकदम सरळ चालू लागले. वॉटने म्हातारपणी आपल्या मुलाला लिहिले की इतर कोणत्याही यांत्रिक शोधापेक्षा आपल्याला याच योजनेचा अधिक अभिमान वाटतो. जगाने त्याला वाफेसाठी वाखाणले आणि तो स्वतः चार दांड्यांवर खूष होता. आम्हांला यात त्याचे मोठेपण दिसते.

इतका खटाटोप करण्यापेक्षा दट्ट्याच्या दांड्याला दोन सपाट लोखंडी रुळांमध्ये का घसरू दिले नाही, असे कोणी विचारील. रेल्वेच्या एंजिनात पुढे तसेच केले गेले. पण १७८४ साली दोन हात लांबीचा खरोखर सपाट लोखंडी पृष्ठभाग छिन्नी आणि कानस यांनी काढणे हे काम अत्यंत खर्चाचे होते. धातू रंधणारी यंत्रे १८१७ च्या सुमारास पुढे आली. याउलट गोल भोक आणि त्यात फिरणारी गोल खीळ ही जगातल्या कोणत्याही कातारी माणसाच्या आवाक्यातली गोष्ट. चरकावर फिरणारी वस्तू आपोआप गोल होते, तशी कोणतीही वस्तू आपोआप सपाट होत नाही. वॉटचे सारे दांडे केवळ खिळींभोवती फिरतात. त्यांत घसरणारा असा एकही भाग नाही. म्हणजे ज्या देशात रंधायंत्र नाही पण चरक आणि भाता आहे, त्या देशातील कारागिरालाही ही जोडणी पाहून करता येण्याजोगी होती.

असा देश अर्थात आमचाच. मुंबईच्या किल्ल्यातील टाकसाळ कॅप्टन हॉकिन्सच्या देखरेखीखाली १८२४ ते १८२९ या वर्षांत उभी राहिली आणि तिची वाफेची यंत्रे बोल्टन व वॉट यांच्याच कारखान्यातून आली. पण त्याआधीची एक हकिकत मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. १८०५ साली ज्याने मराठी भाषेचे व्याकरण छापले आणि १८१० साली मोडी लिपीत मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तो विल्यम केरी कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला राहात असे. नागपूरकडचे वैजनाथ पंडित त्याच्या मराठीच्या कामात साहाय्य करीत. या मंडळींनी छापलेली पुस्तके वाळवी खाऊ लागली, म्हणून त्यांनी वाळवी न लागणारा कागद स्वतः करावयास घेतला. कागदाची गिरणी आधी माणसांच्या पायांनी फिरणाऱ्या चक्रावर चाले. १८२० च्या मार्चमध्ये बोल्टन गावच्या कारखान्यातले बारा अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र तेथे बसविण्यात आले. लोक त्याला आगीचे यंत्र म्हणत आणि झुंडीने पाहावयास येत. यंत्र चालविण्यासाठी आणलेला इंग्रज त्यांच्या प्रश्नांनी वैतागून जाई. मराठी व्याकरण आणि वाफेचे यंत्र एकाच माणसाच्या घरी नांदत होते, हे आमच्या वाङ्मयेतिहासांनी कधी ठळकपणे सांगितल्याचे आम्हांला स्मरत नाही.

त्या गर्दीत टिटागढचा एक लोहार होता. त्याचे नाव गोलकचंद्र. त्याने श्रीरामपूरचे यंत्र पाहून त्याची एक लहान प्रतिकृती घडविली आणि १८२८ साली कलकत्त्यात कृषी व उद्यान मंडळाच्या प्रदर्शनात मांडली. हे मंडळही केरीनेच स्थापिलेले. कोणाही युरोपीय कारागिराच्या साहाय्याशिवाय हे यंत्र केले आहे, अशी नोंद होऊन त्याला पन्नास रुपये बक्षीस मिळाले. त्या काळच्या लोहाराला ही रक्कम थोडी नव्हती, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या माणसाने बारा अश्वशक्तीच्या यंत्राचे मर्म डोळ्यांनी टिपून ऐरणीवर उतरविले, त्याला पन्नास रुपयांऐवजी एक भट्टी आणि चार उमेदवार मिळाले असते तर? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत असा दंडक आहे. आम्ही तो या एका ठिकाणी मोडतो.

मुंबईतील दुसऱ्या माणसाला भट्टी घरचीच होती. अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा जन्म १८०८ चा. मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातला. त्यांच्या उमेदवारीच्या काळातच, १८२९ मध्ये, त्या गोदीतून ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिची यंत्रे लंडनच्या मॉडस्ले यांची. १८३० च्या मार्चमध्ये ती मुंबईहून सुएझला निघाली. साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय असलेल्या त्या बोटीला एडनपर्यंतच अकरा दिवस लागणार होते, म्हणून जागा मिळेल तेथे कोळसा रचला होता. वाफ म्हणजे काय याचा असा पाठ मुंबईच्या तरुणांना डोळ्यांपुढे मिळत होता.

जहाजात उंच तुळई बसविता येत नाही; लाटांवर जहाज कलंडेल. म्हणून त्या काळच्या आगबोटींत सर्वाधिक चाले ती घडण अशी: तुळई एकाऐवजी दोन, आणि त्या डोक्यावर नव्हे तर नळकांड्याच्या दोन्ही बाजूंस, तळाशी. दट्ट्याचा दांडा वर येई, त्याच्या आडव्या बाहूंवरून दोन दांड्या खाली उतरून तुळयांना हलवीत, आणि दुसऱ्या टोकाची दांडी वर जाऊन बोटीची चाके फिरवी. वॉटचे समांतरभुज दांडे येथेही कायम. जमिनीवरचे यंत्र उलटे करून पोटात घालावे तसे हे.

अर्देशीरांनी प्रथम एक अश्वशक्तीचे छोटे यंत्र स्वतः घडविले. १८३३ मध्ये साठ टनांची ‘इंडस’ ही बोट बांधून तिच्यात मॉडस्लेकडून आणविलेले यंत्र बसविले. १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळला. १८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेथील कारखाने पाहिले आणि त्या प्रवासाची दैनंदिनी १८४० साली लंडनला छापली. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या शिफारसपत्रात गॅसचे दिवे आणि साठ टनांच्या बोटीत यंत्र बसविणे या दोहोंचा उल्लेख आहे. रामानुजनना हा मान मिळाला १९१८ साली, म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांनी.

त्याच वर्षी कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंते नेमले आणि इंग्रज कारागीर त्यांच्या हाताखाली आले. ‘बॉम्बे टाइम्स’ला ही गोष्ट रुचली नाही. एतद्देशीय मनुष्य कितीही हुशार असला तरी इंग्रज कामगारांचा कारखाना चालविण्यास तो समर्थ ठरेल काय, अशी शंका त्या पत्राने प्रकट केली. अर्देशीरांनी पुढे १८५७ पर्यंत तो कारखाना चालविला. मध्यंतरी १८४९ मध्ये ते अमेरिकेस जाऊन गोदीसाठी लाकूड कापण्याची यंत्रे पाहून आले. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिच्या यंत्राचे सर्व भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत झाले होते. मुंबईत शिलाईचे यंत्र प्रथम आणल्याचे श्रेयही त्यांनाच देतात, हे कळल्यापासून निंबाखालच्या शिंप्याकडे आम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

मग हे पुढे का वाढले नाही? आपल्या कारागिरांच्या हाताला वळण नव्हते, हे उत्तर गोलकचंद्र आणि अर्देशीर या दोघांनी खोडून काढले आहे. काही कारणे यंत्रातच आहेत. दांडे आणि खिळी कोठेही होतील. पण मोठे नळकांडे आतून अचूक कोरण्यासाठी जॉन विल्किन्सनचे १७७४ चे कोरयंत्र वॉटच्या मदतीला होते, तसे येथे कोणाकडे होते? शिवाय जहाजे लाकडाऐवजी लोखंडाची होऊ लागली आणि सागाच्या बळावर उभी असलेली मुंबईची गोदी मागे पडली. परंतु आमच्या मते सर्वांत मोठे कारण एका कागदात आहे. त्या कागदाला कचेरीत इंडेंट म्हणतात. सरकारला जे यंत्र लागे त्याची मागणी लंडनला जाई आणि तेथील भांडार खाते ते विलायती कारखान्यांतून घेई. हिंदुस्थानात खरेदी करण्यासाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले ते १९२२ साली. ज्यांचे दिवस मागणीपत्रांच्या नकला करण्यात जातात, त्या आमच्यासारख्यांना चांगले ठाऊक आहे की कारखाना कोठे वाढावयाचा हे पुष्कळदा त्या कागदाच्या वरच्या ओळीत, पत्ता लिहिताना, ठरते. अर्देशीरांनी केलेले यंत्र कितीही चांगले असो, त्याला पुढचा गिऱ्हाईक नव्हता.

तुळईही मागे पडतच होती. चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात १९७७ पासून मांडलेली वाफेची एंजिने पाहावी: दट्ट्याचा दांडा एका ठोकळ्याला जोडलेला असून तो सपाट रुळांमध्ये घसरतो, आणि तेथून दांडी थेट चाकाला भिडते. रंधायंत्र आल्यावर वॉटच्या दांड्यांची निकड उरली नाही. गंमत अशी की निकड संपत आली तेव्हा कोठे गणितज्ञांना त्यांची गोडी लागली. रशियाच्या चेबिशेव्हने १८५० नंतरच्या वर्षांत वॉटची रेषा किती वाकडी आहे हे मोजण्याच्या भरात एक नवे गणित जन्मास घातले. फ्रेंच सैन्यातील पोसेलिए याने १८६४ मध्ये सात दांड्यांची अशी जोडणी प्रसिद्ध केली की सपाट फळीवर केवळ खिळींच्या आधाराने तंतोतंत सरळ रेषा निघावी. सरळ रेषा कशी काढावी, याच विषयावर केम्प या इंग्रज गृहस्थाचे पुस्तक १८७७ मध्ये लंडनला निघाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनजवळ रिचमंड येथे अर्देशीर वारले.

२७ मे १९६९ रोजी भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट काढले. दिवस निवडला तो रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाचा. ‘लवजी फॅमिली’ पाण्यात उतरल्याचा नव्हे. गोलकचंद्राचे तिकीट निघाले नाही. त्याच्या टिटागढला मात्र १८८२ मध्ये कागदाची मोठी गिरणी स्थापन झाली, आणि तिची यंत्रे विलायतेहून आली.